चोच होती, चारा शोधायचा होता

माझा पहिला कॉपरबँड बटरफ्लाय, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधला लांब चोचीचा मासा, दहाव्या दिवशी गेला. एकही घास न खाता. त्यानंतर वर्षभर मी हा मासा आणायचं धाडस केलं नाही.

दुसऱ्या वेळी दुकानदाराला आधीच सांगितलं, माझ्यासमोर त्याला खायला घाला. माशाने जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) टिपले, तेव्हा घेतला. दुकानात खाणारा मासा घरी येऊन खाईलच असं नसतं, पण जो तिथेही तोंड लावत नाही तो आणूच नये.

घरी क्वारंटाईन टँक, म्हणजे नव्या माशाला काही दिवस वेगळं ठेवायचा छोटा टँक, तयार होता. त्यातला स्पंज फिल्टर महिनाभर मोठ्या टँकच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवून मुरवला होता, म्हणजे पाणी साफ करणारे जिवाणू त्यात वाढले होते. लपायला पीव्हीसीचे दोन तुकडे टाकले होते. पहिल्या वेळी मी पिशवी उघडून दोन तास ड्रिप लावली होती, म्हणजे टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडलं होतं, आणि तिथेच चुकलो होतो. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा जाचत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात मासा दोन तास बसला होता. या वेळी दुकानातल्या पाण्याची घनता, म्हणजे खारटपणाचं माप, आधीच विचारून घेतली. ती १.०२० होती, म्हणून क्वारंटाईनचं पाणीही तेवढंच ठेवलं. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवलं आणि मासा लगेच सोडला. पिशवीतलं पाणी टाकून दिलं. पुढे आठवडाभर रोज थोडं थोडं वाढवत घनता १.०२५ वर आणली.

पहिला दिवस दिवा बंद. दुसऱ्या दिवशी आर्टेमिया टाकले, त्याने पाहिलेही नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. काचेजवळ गेलो की तो पाइपमागे सरकायचा. डोक्यामागचा भाग खपाटीला जाऊ लागला तर मासा आतून खचतोय असं समजायचं, म्हणून मी रोज लांबूनच तेवढं बघायचो. जीव टांगणीला लागला होता.

चौथ्या दिवशी लक्षात आलं, तो पाण्यात तरंगणारं काहीच बघत नव्हता. पाइपचा कोपरा, फिल्टरची खाच, तळाची फट, सगळीकडे तोंड घालून चाचपत होता. ती लांब चोच त्यासाठीच तर आहे. प्रवाळाच्या फटीतले किडे आणि बारीक जीव उचकून खाणारा हा मासा, आणि मी त्याच्या डोक्यावरून खाणं शिंपडत होतो!

गोठवलेला शिंपला वितळवला, उघडला आणि अर्धी शिंपली मांसासकट तळाशी ठेवली. खोलीबाहेर गेलो. अर्ध्या तासाने दाराआडून पाहिलं, तर तो तिरका होऊन शिंपलीच्या कडेला टोचे मारत होता. मला तिथेच बसावंसं वाटलं.

मग रोज एक शिंपली. दोन तासांनी उरलेलं काढून टाकायचं, अमोनिया तपासायचा, गरज पडली तर पाणी बदलायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण लहान टँकमध्ये ते चुकवून चालत नाही. सातव्या दिवसापासून मांसात मायसिस (कोळंबीसारखेच छोटे जीव) खुपसायला लागलो. हळूहळू मांस कमी, मायसिस जास्त. बाराव्या दिवशी शिंपलीतून सुटलेला एक मायसिस वर तरंगला आणि त्याने वळून तो पाण्यातच पकडला.

सहा आठवडे तो तिथेच राहिला. रोगाचे पांढरे ठिपके दिसले नाहीत, पोट भरलेलं दिसू लागलं. मोठ्या टँकमधल्या पिवळ्या टँग माशाची मात्र धास्ती होती, तो नव्याला त्रास देईल म्हणून. म्हणून नव्याला भोकांच्या पारदर्शक खोक्यात घालून आत टांगलं. टँगने पहिल्या दिवशी खोक्याला शेपटीचे फटकारे मारले, तिसऱ्या दिवशी दुर्लक्ष केलं. चौथ्या संध्याकाळी दिवे मालवले, टँगसाठी दुसऱ्या टोकाला नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी लावली आणि खोकं उघडलं.

सकाळी मायसिस टाकले. बाकीचे मासे वर धावले. कॉपरबँड खडकाच्या कपारीशी होता, तिथून वर आला, दोन टिपले आणि परत चोच कपारीत घातली.