आधी हौसिंग, मग शाफ्ट: ड्रॅगसाठी जुन्या जीपचा मागचा एक्सल (माझा अनुभव)

जुन्या सीजे-३बी जीपचा मागचा एक्सल रानात, घाटात, ट्रॉली ओढत वर्षानुवर्षं चालतो. त्याच जीपला टर्बो डिझेल इंजिन बसवलं, मागं रुंद मऊ टायर घातले आणि ड्रॅगच्या, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ ४०२ मीटर धावेच्या शर्यतीसाठी क्लच एकदम सोडला, की थोड्याच स्टार्टमध्ये काहीतरी तुटतं. तुटलेला शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळे आधी जाड शाफ्टच्या मागे लागतात. पण उघडून पाहिलं तर बऱ्याचदा खरा दोष हौसिंगचा, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाचा असतो: नळी वाकलेली किंवा मधल्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) गोळ्यात किंचित फिरलेली. अशा हौसिंगमध्ये नवा शाफ्ट घालणं म्हणजे वाकड्या चौकटीत नवं दार बसवणं. म्हणून मी काम उलट्या क्रमानं केलं. आधी हौसिंग, मग क्राऊन-पिनियन (इंजिनचा फेर चाकांकडं वळवणारी दातांच्या गिअरची जोडी), शाफ्ट शेवटी.

तुटतं का, हे आकड्यांत पाहू. इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) २५० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.७ आणि क्राऊन-पिनियन ५.३८ (४३ आणि ८ दात) धरला, तर एक्सलवर जवळपास ५,००० न्यूटन-मीटर यायला हवेत. प्रत्यक्षात तेवढे येत नाहीत, कारण त्याआधीच टायर घसरतात. स्टार्टला मागच्या चाकांवर ८०० किलो भार, ०.८ पकड आणि ०.३६ मीटर टायरची त्रिज्या धरली, तर दोन्ही चाकं मिळून सुमारे २,२६० न्यूटन-मीटरच रस्त्याला देऊ शकतात. म्हणजे कडक टायर हा एक्सलचा फ्यूज असतो. मऊ टायर घातला की फ्यूज काढला. क्लच झटक्यानं सोडल्यावर बसणारा हिसका या हिशेबात धरलेलाच नाही, तो वेगळा.

साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जुळणी) हा टॉर्क दोन शाफ्टना निम्मा-निम्मा मिळतो. डिफरन्शियल लॉक केलं आणि एक चाक क्षणभर अधांतरी झालं, तर सगळा एकाच शाफ्टवर येतो. ३० मिमी शाफ्टमध्ये तेव्हा ४२५ मेगापास्कलच्या आसपास पिळाचा ताण होतो, ३३ मिमीमध्ये ३२०. ताकद व्यासाच्या घनाच्या हिशेबानं वाढते, म्हणून फक्त तीन मिमीनं तिसरा हिस्सा फरक पडतो.

हौसिंग निवडताना सांगलीत एक गोष्ट आवर्जून बघायला लागते. २०१९ च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांचे सुटे भाग अजूनही भंगारात मिळतात. बाहेरून रंग दिलेला असतो, आत बेअरिंगच्या बैठकीवर गंजाचे खड्डे असतात. नखानं जाणवणारा खड्डा असेल तर ते हौसिंग घेऊ नये. बेअरिंगच्या कॅप त्याच हौसिंगच्या आहेत का, खुणा जुळतात का, हेही बघावं. कॅप हौसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या हौसिंगच्या चालत नाहीत.

या एक्सलच्या नळ्या बीडाच्या गोळ्यात दाबून बसवलेल्या असतात आणि भोकातून टाके मारलेले असतात. जोराच्या स्टार्टला हेच टाके सुटतात. उपाय म्हणजे नळी आणि गोळा यांच्या सांध्यावर पूर्ण गोल वेल्ड. वेल्डर निवडणं इथं महत्त्वाचं. उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्यांचा हात पत्र्यावर आणि चॅनेलवर सुंदर चालतो, पण बीड हा वेगळा विषय आहे. कुपवाड एमआयडीसीत फुटक्या पंपांची केसिंग जोडणारे मिस्त्री आहेत, हे काम त्यांच्याकडंच द्यावं.

क्रम असा ठेवला. सगळं उघडून रिकामं केलं, तेलाचा अंशही राहू दिला नाही. बीडाच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं, म्हणून आधी बर्नरनं तापवून ते जाळलं आणि मग वायर ब्रश मारला. सांध्याला ४५ अंशांची खाच घेतली. गोळा सगळीकडून सारखा २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवला, तापमान ठरावीक उष्णतेला वितळणाऱ्या खडूनं तपासलं. ५५ टक्के निकेलचा ३.१५ मिमी रॉड वापरला. एका दमात २५ ते ३० मिमीच टाका, लगेच गोल डोक्याच्या हातोडीनं तो गरम असतानाच हलके ठोके, मग समोरच्या बाजूला पुढचा टाका. शेवटी सगळं कोरड्या वाळूत पुरून रात्रभर ठेवलं. मिस्त्रींचं एकच सांगणं होतं, "गार हुईस्तोवर हात लावायचा न्हाई, आनि टक्कन आवाज आला की समजायचं, गेलं."

पहिल्या नळीला तो आवाज आला. वेल्डला लागूनच बीडात केसाएवढी चीर होती. कारण सरळ होतं: वर सांगितल्यासारखा सगळीकडून न तापवता त्या वेळी गोळा एकाच बाजूनं तापवला होता, दुसरी बाजू गार होती, त्यामुळं तापलेली बाजू आकसताना तिथं ओढ बसली. ग्राइंडरनं सगळं काढलं, चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची भोकं पाडली आणि चारही बाजूंनी तापवून पुन्हा भरलं. नंतर डाय पेनिट्रंट (चीर दाखवणारा लाल रंग) मारून पाहिलं. लाल रेघ उमटली नाही, तेव्हाच पुढं गेलो.

वेल्डनं नळ्या वाकतातच, त्यामुळं सरळ करायची तयारी आधीपासून ठेवावी. लेथवर चार चकत्या करून घेतल्या, दोन डिफरन्शियल बेअरिंगच्या बोअरला आणि दोन नळीच्या टोकांना बसणाऱ्या, आणि त्यांतून जाणारा एक सरळ ग्राउंड बार. बार हातानं सरकायला हवा. माझा डावीकडं अडकला, टोक जवळपास दीड मिमी पुढं होतं. नळीला ज्या बाजूला ठिपक्यात लालसर होईपर्यंत तापवून गार होऊ द्याल, त्या बाजूला टोक ओढलं जातं. मागच्या बाजूला तीन ठिपके दिले आणि प्रत्येक ठिपक्यानंतर पूर्ण गार करून मोजलं. घाईनं पाणी ओतू नये. शेवटी बार बोटानं फिरायला लागला.

मग वरून ६ मिमी प्लेटचा ट्रस (आधाराची पट्टी), एका स्प्रिंगच्या पाट्याच्या बैठकीपासून दुसरीपर्यंत. तो फक्त नळ्यांना वेल्ड केला, बीडाला कुठंही नाही. हेही टप्प्याटप्प्यानं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि बार आत ठेवूनच. ब्रीदरचं (हवा जाण्याचं) भोक मात्र मोकळं राहायला हवं. ते बुजलं की गरम तेल सील ढकलून ब्रेक ड्रममध्ये जातं.

क्राऊन-पिनियन वेल्डच्या आधी सेट करून उपयोग नाही, कारण वेल्डनंतर बोअर हललेलाच असतो. पिनियनची खोली आतल्या बेअरिंगखालच्या शिमनं (पातळ चकतीनं), पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) बाहेरच्या बेअरिंगजवळच्या शिमनं आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंच्या शिमनं येतो. पिनियन नट २७० ते ३०० न्यूटन-मीटर, क्राऊनचे बोल्ट ६० ते ८०, बेअरिंग कॅप ९५ ते १२०. पिनियनचा प्रीलोड नव्या बेअरिंगला २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर लागतो. त्यासाठी खास पाना नसला तरी चालतं. कप्लिंगवर सुतळी गुंडाळून रद्दीवाल्याच्या ताणकाट्यानं ओढा. त्रिज्या ४० मिमी असेल तर फिरत असताना काटा ६ ते ११ किलोच्या मध्ये हवा. सील बसवायच्या आधी मोजावं, सील आकडा फुगवतं.

बॅकलॅश ०.१३ ते ०.२३ मिमी. मी ०.१८ धरला आणि क्राऊनवर चार ठिकाणी मोजला. दाताची खूण बघायला आपल्याकडचे जुने फिटर शेंदूर तेलात कालवून दातांना लावतात. ते मला रंगाच्या ट्यूबपेक्षा स्पष्ट दिसतं, फक्त शेंदरात शिसं असतं, हातमोजे घालावेत. ओढाच्या बाजूला खूण दाताच्या माथ्याकडं आली तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, खोलीची शिम वाढवा. बुडाकडं आली तर शिम कमी करा. आतल्या टोकाकडं सरकली तर क्राऊन पिनियनपासून दूर न्या, बाहेरच्या टोकाकडं असेल तर जवळ आणा. माझी पहिली खूण बुडाशी पट्टीसारखी होती. ०.१० मिमी शिम काढली, पुन्हा ०.०५ काढली, तेव्हा खूण दाताच्या मध्यावर लंबगोल बसली. दर वेळी बेअरिंग ओढून काढावं लागतं. एक जुनं बेअरिंग आतून घासून सैल करून ठेवलं तर जुळवणीसाठी दिवस वाचतो.

स्टार गिअर वेल्ड करून डिफरन्शियल लॉक करायची पद्धत मला मान्य नाही. त्या दातांचं पोलाद वरून कडक केलेलं असतं, वेल्ड तडकतं आणि तुकडा थेट क्राऊनमध्ये जातो. ईएन२४ पोलादाचा स्पूल, म्हणजे दोन्ही शाफ्ट एकत्र बांधणारा अखंड तुकडा बनवून घेतला, आतल्या स्प्लाइन (शाफ्ट अडकवणाऱ्या लांब खाचा) वायरकटवर, म्हणजे तारेनं पोलाद कापणाऱ्या यंत्रावर. इथं एक गोष्ट सहज निसटते. या एक्सलच्या टोकाचं टेपर बेअरिंग एकाच दिशेचा रेटा घेतं. आतला रेटा मधल्या ठोकळ्यातून पलीकडच्या शाफ्टला जातो. स्पूलमध्ये हा ठोकळा ठेवला नाही तर शाफ्ट आत सरकत राहतो. ठोकळा ठेवूनच टोकाच्या शिमनं शाफ्टची आत-बाहेर हालचाल ०.१ मिमीच्या आसपास आणली, शिम दोन्हीकडं सारख्या वाटून.

शाफ्ट ईएन२४, हार्डनिंग-टेंपरिंग करून कडकपणा ४० एचआरसीच्या आसपास. मधला भाग स्प्लाइनच्या बुडापेक्षा जाड ठेवू नये. जाड ठेवला तर सगळा पीळ स्प्लाइनच्या मुळाशी साठतो आणि तिथंच तुटतं. बारीक मधला भाग पीळ झेलतो आणि परत देतो. कीवेचा (चावीच्या खाचेचा) शेवट चौकोनी कोपऱ्यात नको, उतरता गोल हवा. शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर मोडला तर ड्रमसकट चाक निघून जातं, म्हणून या कोपऱ्याला क्षमा नाही.

हब टेपरवर बसतो आणि भार टेपरच घेतो, चावी फक्त जागा धरते. व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टनं हब शाफ्टवर घासला, निळ्या रंगानं पाहिलं, ८० टक्के जागेवर खूण येईपर्यंत. मग पेट्रोलनं धुऊन दोन्ही कोरडे ठेवले. तिथं ग्रीस लावलं तर हब फिरतो आणि चावी कापली जाते. नट २५० न्यूटन-मीटर. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढं आवळावा, सैल करून मागं कधीच आणू नये.

पाट्यांचं काम थोडक्यात. स्टार्टला पिनियनचं नाक वर उचललं जातं, पाटे एस आकारात मुरडतात आणि जॉइंट शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून एक्सलकडं येणारा दांडा) सांध्याचा क्रॉस तुटतो. नाक उभ्या गाडीत जॉइंट शाफ्टच्या रेषेपेक्षा ३ अंश खाली ठेवलं आणि ट्रॅक्शन बार (एक्सलला मुरडू न देणारे दांडे) घातले. बारचं पुढचं टोक बुशमध्ये मोकळं हवं, नाहीतर पाटे अडकतात.

तेल जीएल-५ ८५डब्ल्यू-१४०, सव्वा लिटर. नव्या गिअरवर पहिले २० किलोमीटर हलक्या पायानं, मग हौसिंग पूर्ण गार, हे तीनदा. ५०० किलोमीटरला तेल बदललं. तेलात बारीक चकाकी चालते, कण बोटाला टोचले तर उघडावं लागतं. हे फेरे घ्यायलाही गाडी आरटीओच्या नोंदीप्रमाणे हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांची अट आहे, आणि कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा गुन्हा आहे. धाव फक्त परवानगीच्या बंद ट्रॅकवर.

शाफ्ट बसवण्याआधी त्यांच्यावर टोकापासून टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. पहिल्या धावेनंतर हबचा नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळले, दोन्ही थोडे फिरलेच. आता दर दहा स्टार्टनंतर शाफ्ट बाहेर काढून रेघेला पट्टी लावतो. रेघ स्प्लाइनजवळ वळलेली दिसली की तो शाफ्ट परत आत जात नाही.