चिडका गृहस्थ

विनोदी सिनेमात हसवणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. ज्याच्या चिडण्यावर आपण हसतो, त्याचं नाव विचारलं तर मात्र लोक डोकं खाजवू लागतात. जाड्या-रड्या आपल्याकडे घरोघरी ठाऊक. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी आणि रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल, एवढंही बरेच जण सांगतील. पण हे दोघे ज्याच्या दाराची बेल वाजवतात, ज्याच्या दुकानाबाहेर रचून ठेवलेल्या तबकड्यांचा चुराडा करतात, ज्याच्या मुलीला पळवून न्यायला येतात, तो टक्कल पडलेला, झुपकेदार मिशीवाला गृहस्थ कोण? एक डोळा मिटून दुसरा वटारणारा? तो जेम्स फिनलेसन. आणि ती मिशी खोटी होती, हे कळल्यावर मला उगाचच वाईट वाटलं होतं.

फिनलेसन मूळचा स्कॉटलंडचा. जन्म १८८७चा, लार्बर्ट नावाच्या गावातला. रंगभूमीवर कामं करत तो अमेरिकेत आला, एका स्कॉटिश नाटकाबरोबर तिथे फिरला आणि मग हॉलिवूडला जाऊन पोचला. आधी निर्माता मॅक सेनेटच्या कंपनीत पडापडी आणि पळापळीचे मूकपट केले, पुढे हॅल रोच या दुसऱ्या निर्मात्याच्या स्टुडिओत स्थिरावला. रोचच्या मनात त्याला मोठा करायचं होतं. १९२७च्या आसपास लॉरेल, हार्डी आणि फिनलेसन असं त्रिकूटच उभं करण्याचा घाट घातला गेला. त्या वर्षीच्या लघुपटांत तिघे जवळजवळ बरोबरीने दिसतात. पण प्रेक्षक आपला निवाडा देऊन मोकळे होतात. त्यांनी दोघांना उचललं आणि तिसऱ्याला समोरच्या बाजूला ढकललं.

माझ्या मते तिथेच फिनलेसनचं भाग्य उजळलं. जोडीत राहिला असता तर तो तिसरा वेडा झाला असता. समोर गेला आणि शहाणा झाला. दोन वेड्यांच्या तावडीत सापडलेल्या शहाण्या माणसाची भूमिका रिकामीच होती. ती त्याने जोडीच्या तीसहून जास्त सिनेमांत केली. बाकीचं धरून त्याच्या एकूण सिनेमांचा आकडा दोनशेच्या घरात जातो.

त्याचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे 'डबल टेक'. हे इतरही नट करायचे, पण त्याच्यासारखं कुणी केलं नाही. नीट पाहायचं तर चित्र थोडं मागे नेऊन हळू पाहावं लागतं. समोर काहीतरी अघटित घडलेलं असतं. तो तिकडे बघतो आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता मान वळवतो. अर्धा क्षण काहीच होत नाही. मग बातमी मेंदूपर्यंत पोचते आणि मान अशी झटक्यात परत येते की खांदे, छाती, पोट सगळं तिच्यामागे ओढलं जातं. डोकं मागे जातं, एक भुवई कपाळावर चढते, दुसरा डोळा घट्ट मिटतो आणि मिशी वर उचलली जाते. एवढ्यावर तो थांबत नाही. ते सगळं पुन्हा हळूहळू जागेवर येत असताना, मघाचं खरंच दिसलं का हे तपासायला तो आणखी एकदा बघतो.

त्याचं खरं राज्य पाहायचं असेल तर १९२९चा 'बिग बिझनेस' पाहावा. मूकपट, जेमतेम वीस मिनिटांचा. कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात जाड्या-रड्या गाडीत नाताळची झाडं घालून दारोदार विकत हिंडतात. फिनलेसन दार उघडतो, नको म्हणतो, दार लावतो. फांदी दारात अडकते. पुन्हा बेल. फांदी सुटते, दार लागतं, कोट अडकतो. पुन्हा बेल. इथपर्यंत त्याने काहीही वावगं केलेलं नाही, हे ध्यानात घ्या. मग रड्याला कल्पना सुचते: या वर्षी नको तर नको, पुढच्या वर्षीची ऑर्डर देता का? फिनलेसन आत जातो, बागेची मोठी कात्री आणतो आणि झाडाचे तुकडे करतो.

लहानपणी मी अर्थातच त्या दोघांच्या बाजूने होतो. आता ऐन दुपारी, डोळा लागता लागता बेल वाजते आणि दारात कुणीतरी पाण्याच्या फिल्टरचं माहितीपत्रक घेऊन हसतमुखाने उभा असतो, तेव्हा माझं मत कात्रीकडे झुकतं.

पुढे जे होतं त्याला मारामारी म्हणवत नाही. एकजण दुसऱ्याची एक वस्तू मोडतो, दुसरा ते शांतपणे उभा राहून बघतो, मग त्याची पाळी. घड्याळ फुटतं, बेल उपटली जाते, फोन तुटतो, गाडीचे दिवे निखळतात. या सिनेमावर देखरेख होती लिओ मॅकॅरीची. आधीच्या विनोदी मूकपटांत सगळं सुसाट वेगाने घडायचं. इथे वेग मुद्दाम कमी केलेला आहे, म्हणजे प्रत्येक तोडफोडीनंतर आपल्याला चेहरा वाचायला अवसर मिळतो. शेवटी घराच्या खिडक्या जातात, बाहेर फेकलेल्या फुलदाण्या जाड्या फावड्याने टोलवतो, अंगणात पियानोचं सरपण होतं. तिकडे फिनलेसनने गाडीचा एकेक भाग सुटा केलेला असतो. मोडायला काहीच उरलं नाही तेव्हा तो नाताळच्या झाडांशीच कुस्ती खेळतो. झाडाला कवेत घेऊन जमिनीवर लोळतो! चाळिशी ओलांडलेला, कोट घातलेला, घरमालक असलेला माणूस. समोर पोलीस वहीत सगळं टिपून घेत बसलेला.

इथे तो जर जरा जरी 'मी विनोद करतोय बरं का' अशा नजरेने बघता, तरी सगळं कोसळलं असतं. राग शंभर टक्के खरा आहे, म्हणून तर पोट दुखेपर्यंत हसू येतं. रोचच्याच स्टुडिओत चिडणारा आणखी एक होता, एडगर केनेडी. त्याचा राग मंद आचेवरच्या दुधासारखा वर चढत जायचा. डोक्यावरून, चेहऱ्यावरून तळवा ओढत तो राग दाबायचा. फिनलेसनला एवढा धीर नाही. केनेडी मला आवडतो, पण शेजारी म्हणून. सिनेमात मला फिनलेसनच हवा.

एकदा तो भारतातही येऊन गेला, म्हणजे पडद्यावरच्या भारतात. १९३५च्या 'बॉनी स्कॉटलंड'मध्ये जाड्या-रड्या चुकून स्कॉटिश पलटणीत भरती होतात आणि पलटण हिंदुस्थानात येते. तिथला कडक सार्जंट मेजर फिनलेसन. पात्राचं आडनावही तेच. सगळ्या खोट्या स्कॉटिश वातावरणात हा अस्सल स्कॉटिश माणूस. तो हिंदुस्थान मात्र आपल्यापैकी कुणीही ओळखणार नाही.

बोलपट आले तेव्हा पुष्कळ मूकपटवाल्यांचं दिवाळं वाजलं. फिनलेसनला फक्त एक आवाज मिळवायचा होता. मोठी शिवी ओठांवर येते, पडद्यावर ती द्यायची सोय नसते, मग तो ती अर्ध्यात गिळून लांबलचक 'डोऽऽऽह' काढतो. कित्येक दशकांनी 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या होमर सिम्पसनला आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलनेटाला पटकथेत नुसतं 'वैतागून हुंकार' असं लिहिलेलं दिसलं. त्याला फिनलेसन आठवला. त्याने तोच आवाज आखूड करून वापरला आणि तो जगभर गेला. मूळ मालकाच्या नावावर त्यातलं काही जमा झालं नाही.

१९३७च्या 'वे आउट वेस्ट'मधला त्याचा दारूगुत्त्याचा लबाड मालक मिकी फिन हा शेवटचा मोठा तुकडा. १९४० नंतर जोडी रोचकडून गेली आणि फिनलेसनच्या वाट्याला बारीकसारीक कामं येऊ लागली, पुष्कळदा श्रेयनामावलीत नावही नसलेली. १९५१च्या 'रॉयल वेडिंग'मध्ये तो टॅक्सीवाला म्हणून ओझरता दिसतो. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसला तो वारला.

'बिग बिझनेस'बद्दल एक किस्सा हॅल रोच रंगवून सांगत. म्हणे चित्रीकरणासाठी ठरवलेलं घर भलतंच होतं, मंडळींनी शेजारचंच घर फोडून काढलं आणि तेवढ्यात खरे मालक सुट्टीवरून परतले. लॉरेलने ही गोष्ट साफ नाकारली होती आणि बहुधा त्याचंच खरं. तरी मला ती टाकवत नाही. कारण हातात सामान घेऊन फाटकात उभ्या राहिलेल्या त्या मालकाने आधी घराकडे बघून शांतपणे मान वळवली असणार आणि मग...