सात पायऱ्या आणि एक रॅम्प

आमच्या वस्तीच्या हॉलला सात पायऱ्या होत्या. गुरुवारी दुपारी ज्येष्ठांचं एकत्र जेवण असतं, तेव्हा एक आजी व्हीलचेअर खाली फुटपाथवर सोडून, कठडा धरून, एकेका पायरीवर बसत वर यायच्या. उचलून घेऊ का विचारलं की रागवायच्या.

मी मूळची सांगलीची, न्यू जर्सीत येऊन १९ वर्षं झाली. वस्तीच्या संघटनेची खजिनदार मी, कारण दुसरं कोणी तयार होईना. म्हणून हॉलला रॅम्प बांधायचं ठरलं, तेव्हा पैसे शोधायचं काम माझ्याकडे आलं. शहराकडे सीडीबीजीचे, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचे पैसे येतात, हे मला तोवर ऐकूनही माहीत नव्हतं. १९७४ च्या कायद्यातली ही योजना. पैसा वॉशिंग्टनच्या गृहनिर्माण खात्याचा, हडचा. साधारण ५० हजारांवर लोकवस्तीच्या शहरांना तो दरवर्षी थेट मिळतो, आणि कुठल्या कामाला किती द्यायचं ते शहर ठरवतं. आमच्यासारख्या संस्थांनी अर्ज शहराकडे करायचा.

अर्जातल्या एका आकड्यानं माझी झोप उडवली. वस्तीतले निदान ५१ टक्के लोक कमी किंवा मध्यम उत्पन्नाचे हवेत, म्हणजे त्या परिसरातल्या अगदी मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या (मीडियनच्या) ८० टक्क्यांच्या आतले. जनगणना खात्याच्या आकड्यांत आमचा भाग जरासा कमी पडत होता. मग दारोदार सर्वेक्षण! तीन शनिवार मी प्रश्नावली बनवण्यात घालवले. इथे शेजाऱ्याला पगार विचारणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किती सोयीचा, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. शेवटी शहराच्या कार्यालयातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "रॅम्पच बांधताय ना? मग सर्वे कशाला?" वृद्ध आणि गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या वाटेतले अडथळे काढण्याचं काम त्या निकषात आपोआप बसतं. हा फोन आधीच केला असता तर!

जाहीर सुनावणीत बोलायला दोन मिनिटं मिळाली. मी पायऱ्यांचा फोटो दाखवला आणि गप्प बसले. मंजुरी आली, ४६ हजार डॉलर.

इथे मी घोडचूक करणार होते. कंत्राटदार म्हणाला, वसंतातली तारीख हवी तर आगाऊ रक्कम द्या. रक्कम आमच्याच बचतीतून द्यायची होती, म्हणून मी बिनधास्त चेक लिहिला. पाकीट बंद करण्याआधी सहज त्याच बाईंना सांगितलं, तर पलीकडे क्षणभर शांतता. पर्यावरण तपासणी पूर्ण होऊन मोकळीक मिळेपर्यंत स्वतःच्या खिशातला पैसासुद्धा त्या कामात गुंतवायचा नाही. गुंतवला तर अनुदानच हातचं जातं. चेक फाडला. त्याचे तुकडे मी फाइलला लावून ठेवलेत.

पर्यावरण म्हणजे झाडं आणि नाले असं मला वाटलं होतं. त्यात पूररेषा येते आणि जुन्या वास्तूंचं जतनही येतं. हॉल १९२० च्या दशकातला. राज्याच्या वारसा कार्यालयाला पत्र गेलं, त्यांच्या उत्तरासाठी ३० दिवस. दर्शनी बाजूला रॅम्प नको, असं ठरलं. तो बाजूच्या दाराकडे वळला आणि नकाशे पुन्हा काढावे लागले. खरं सांगायचं तर तिथेच तो जास्त शोभतो.

पुढचा धडा मजुरीचा. २,००० डॉलरच्या वर बांधकाम असलं की १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा लागतो: सरकारनं ठरवलेल्या दरानंच मजुरी द्यायची आणि दर आठवड्याला सही केलेला पगारपट सादर करायचा. एका आठवड्याच्या पटात एकाची नोंद साधा मजूर अशी होती. शहराचा निरीक्षक साइटवर आला, तेव्हा तो गडी थापी घेऊन सिमेंट घोटत बसला होता. घोटाईचा दर वेगळा, जास्त. फरकाची रक्कम कंत्राटदाराला त्याला द्यावी लागली, आणि पट दुरुस्त होईस्तोवर आमचं बिल अडलं.

बिल अडलं म्हणजे काय, तर आधी आपण पैसे भरायचे, मग पावत्या दाखवून परत मिळवायचे. संस्थेच्या खात्यात ११ हजार. शेवटी सात सभासदांनी बिनव्याजी उसने दिले. ही भिशीचीच उलटी तऱ्हा, असं मी सांगितलं तेव्हा कोणाला कळलं नाही. शेवटचा हप्ता परत यायला नऊ आठवडे लागले.

आजी आता सरळ आत येतात आणि चढ जरा जास्तच आहे म्हणून कुरकुरतात. चढ नियमाप्रमाणेच आहे, मी टेप लावून मोजलाय.

गेल्या महिन्यात एकानं हॉल व्यायामशाळेला भाड्यानं द्यायची टूम काढली. मी करारपत्र काढून ते पान वाचून दाखवलं: करार संपल्यावरही पाच वर्षं वास्तू याच कामासाठी. त्यानं विचारलं, पाच वर्षं कधीपासून मोजायची? मी फाइल पुढे सरकवली.