तुम्ही नक्की करता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला बहुतेक पंगतीत विचारला जातो. परवा बेळगावच्या वडगावात एका बारशाला शेजारच्या काकू म्हणाल्या, "पेपरात तुझा फोटो बघितला गं. पण तू नक्की करतीस तरी काय?" मी सांगितलं, दृश्यकलाकार आहे, क्युरेटरही आहे. काकूंनी पुरी मोडली. "म्हणजे ड्रॉइंग टीचर न्हवं?" मी तोंड उघडायच्या आत आईनं "व्हय, तसंच" म्हणून विषय मिटवला.

काकूंचा दोष नाही. बेळगावात चित्रकार म्हटलं की के. बी. कुलकर्णी. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच चित्रमंदिरात, म्हणजे चित्रकलेच्या शाळेत, घडले. म्हणजे आमच्याकडे चित्रकाराची मोजपट्टी ठरलेली आहे: समोर माणूस बसवला तर तो हुबेहूब उतरला पाहिजे आणि जलरंगातलं पाणी ओलं दिसलं पाहिजे. मीही ते शिकले. पोर्ट्रेट मला आजही बऱ्यापैकी जमतं. पण माझं खरं शिक्षण शहापुरातल्या एका पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात झालं. ते आईच्या माहेरच्या गल्लीतले, म्हणून मामा. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे ब्रश धुवायला बसायची.

पत्र्यावर एका ओळीत कन्नड आणि तिच्याखाली मराठी लिहायचं, ही सोपी गोष्ट नाही. मराठी अक्षर शिरोरेषेला लोंबकळतं. कन्नडला सलग शिरोरेषा नसते, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापलं छोटं तलेकट्टू, म्हणजे टोपीसारखी खूण, असतं. शिवाय कन्नडमधली जोडाक्षरं खाली उतरतात. आपल्या मात्रा, वेलांट्या आणि रफार वर चढतात. दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्यावर पडतात. मामा खडूची दोरी मारून मध्ये चार बोटं जागा सोडायचे. त्या चार बोटांवर मी पुढं एक अख्खं प्रदर्शन केलं, पण तेव्हा मला ती नुसती मोकळी जागा वाटायची.

मे महिन्यात आणखी एक शाळा भरायची. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितली नाही त्यांना हे कळणार नाही. ट्रॉलीवर किल्ला उभा करायचा, त्यात गल्लीतली पोरं मावळे म्हणून उभी करायची, जनरेटर, लाइट, मागून आवाज, आणि मावळ्याला मध्येच शू लागली तर काय करायचं याचीही योजना. सुतार, वायरमन, शिंपी, नाटकवाला सगळे एका ट्रॉलीवर. पुढं कोल्हापूरला डिप्लोमा करताना 'इन्स्टॉलेशन' आणि 'आंतरशाखीय' हे शब्द ऐकले तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. फक्त आमच्या गल्लीत त्याला वर्गणी मागून करायचं काम म्हणत.

मग फ्लेक्स आला. मामांचं दुकान बंद पडायला तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत. त्याबद्दल गळा काढणारे लेख पुष्कळ आलेत, मी आणखी एक लिहीत नाही.

क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनात काय आणि कसं मांडायचं ते ठरवणारा, हा शब्द मला नीट कळला तो कोचीला. 2012 च्या डिसेंबरात तिथं पहिली बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, भरली. जुन्या मसाल्याच्या वखारींत, भिंतींचे पोपडे तसेच ठेवून, जगभरची कामं मांडलेली. बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू या दोन कलाकारांनीच ते उभं केलं होतं. मी चार दिवस फिरले आणि मनात एकच घोळत राहिलं: आमच्या वडगाव-खासबागेत असे कितीतरी बंद पडलेले मागाचे शेड आहेत.

तसा एक शेड मिळायला मला दहा वर्षं लागली. मालकाला वाटत होतं मी तिथं ब्युटी पार्लर काढणार.

कन्नड भाषेच्या कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनं कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. पाट्या बदलल्या आणि दुकानांच्या मागच्या खोल्यांतले जुने हातरंगी पत्रे भंगारात निघू लागले. मी ते मागून आणत सुटले. एकतीस जमले. त्यांचंच त्या शेडमध्ये प्रदर्शन मांडलं. बघायला आलेल्या एका पत्रकारानं विचारलं, यात मराठी किती टक्के? मी टेप लावली नव्हती. मामा म्हणाले, "टक्के कसले? गिऱ्हाईक बघून लिवायचं. बाजारात मराठी वर, कचेरीजवळ कन्नड वर." सीमाप्रश्नावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, दर एक नोव्हेंबरला, एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिन, दोन्ही बाजूंची ऐकते. मामांचं वाक्य त्यांतल्या कुणाला आवडणार नाही, म्हणून मला आवडतं.

तर आता तुमचं उत्तर. क्युरेटर म्हणून मी काय करते? त्या शेडमधली उंदरांची लेंडी काढते. पत्रे कुठल्या क्रमानं टांगायचे यावर तीन आठवडे झोप घालवते. यंत्रमागाचा जुना खडखडाट रेकॉर्ड करणारा मुलगा, कन्नडची एक प्राध्यापक आणि मामा यांना एका टेबलावर बसवून चहा पाजते. प्रत्येक पाटीखाली माहितीची छोटी पाटी लावायची पद्धत असते. ती कुठल्या भाषेत आधी, यावर आमची दोन दिवस भांडणं झाली. शेवटी मामा वैतागले, "पाटीला आणि पाटी कशाला लावतीस?" आम्ही एकही लावली नाही.

प्रदर्शन पुढं कोल्हापूरला न्यायचं होतं. राज्याच्या हद्दीवर कोगनोळीजवळ तपासणीला गाडी थांबली आणि ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, साहेब विचारतात, हे भंगार का चित्रं? काय सांगू?" मी जरा थांबले. भंगार म्हणावं तर माझी तीन वर्षं गेली, चित्रं म्हणावं तर किंमत सांगावी लागणार. "रंगवलेले जुने पत्रे, विक्रीसाठी नाहीत," म्हणाले. गाडी सुटली.

पैशाचंही विचारता तुम्ही, जरा आवाज खाली घेऊन. अनुदानाचा अर्ज मराठीतूनही लिहिता येतो, हे कळल्यापासून दोनदा मिळालं. एरवी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. वर्षातले चार महिने बरे जातात.

शेडमधल्या शेवटच्या दिवसाचं सांगते. मामा एका धान्य दुकानाच्या पाटीसमोर बराच वेळ उभे होते. त्यांनीच रंगवलेली, पस्तीस वर्षांपूर्वी. दुकानाच्या नावात 'धन' होतं. कन्नडमध्ये 'द'च्या पायाशी एक बारीक उभी रेघ दिली की 'ध' होतो. रेघ द्यायची राहिली होती. 'धन'चं 'दन' झालं होतं, आणि कन्नडमध्ये दन म्हणजे गुरंढोरं. पस्तीस वर्षं त्या पाटीखाली लोकांनी ज्वारी-तांदूळ नेले, कुणी हूं की चूं केलं नाही.

मामांनी पिशवीतून दोन नंबरचा ब्रश काढला. जुन्या वस्तूवर कुणालाही, अगदी करणाऱ्यालाही, हात लावू द्यायचा नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. प्राध्यापकबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

मी रंगाचा डबा धरला.