रतनगडाच्या गुहेत राहायचंय? शनिवार सोडून जा

"वर गुहा आहे, तंबू कशाला वाहताय?" असं सांगणाऱ्यांपैकी एकही जण शनिवारी रात्री भंडारदऱ्याजवळच्या रतनगड किल्ल्यावर झोपलेला नसणार. डिसेंबरात अंधार पडता पडता रत्नादेवीच्या गुहेपाशी पोचलो, तर शेजारच्या मोठ्या गुहेत पाय ठेवायला जागा नाही. कॅरीमॅटला (झोपायच्या फोमच्या चटईला) कॅरीमॅट लागलेली, तोंडाशीच चूल पेटलेली, धूर सगळा आत आणि वर कोणाचा तरी स्पीकर. आम्हाला मिळाला कडेचा उतरता दगड. रात्रभर स्लीपिंग बॅगेसकट खाली घसरायचं आणि परत वर सरकायचं.

पायथ्याच्या रतनवाडी गावापासून फाट्यापर्यंत वाट मळलेली आहे. फाट्यावर सरळ गेलात तर कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या वाटेला लागाल. गडासाठी उजवीकडे वळा. खरा वैताग पुढे, लोखंडी शिड्यांवर. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर, मागे हटायला कोणी तयार नाही, आणि पाठीवरची सॅक मिनिटागणिक जड. त्यात माझ्या पुढच्या गड्याने कॅरीमॅट सॅकवर आडवी बांधलेली. ती कठड्यात अडकली की सगळी रांग ठप्प. मॅट उभी बांधा, हात मोकळे ठेवा, दुपारी तीनच्या आत शिड्या पार करा. गणेश दरवाजातून आत आलात की गुहा उजव्या हाताला.

माकडं सॅकची चेन उघडतात, खोटं नाही सांगत. खाणं गुहेत ठेवून फिरायला जाऊ नका. पाणी गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं, उकळून प्या. उन्हाळ्यात जाणार असाल तर वर पाणी आहे का, हे गावात विचारूनच निघा.

भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाहून रतनवाडीला नेणाऱ्या गाडीवाल्याने भाडं माणशी ठरवलं आणि उतरताना सॅकचे वेगळे मागितले! भाव सॅकसकट आणि बसायच्या आधी ठरवा.

माझं मत विचाराल तर आठवड्याच्या मधल्या वारी गुहा उत्तम. शनिवारी खाली रतनवाडीतच राहा, भाकरी-पिठलं खा आणि पहाटे पाचला निघा. नेढ्यात, म्हणजे गडमाथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात बसल्यावर वाऱ्याने कान बधिर झाले आणि रात्रीचा निम्मा राग तिथेच उडाला, पण मत तेच.

उतरायला आम्ही त्र्यंबक दरवाजाची, दुसऱ्या बाजूच्या साम्रद गावाकडची वाट धरली. कातळातल्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर आल्या वाटेनेच उतरा. आणि गाडी रतनवाडीत लावली असेल, तर साम्रदहून परतायची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा.