तोलार खिंडीच्या वर, धुक्यात

हरिश्चंद्रगडावर शनिवारी मुक्कामाला जाऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. कोकणकड्यावर तंबूला तंबू, स्पीकरवर गाणी, पहाटे उठून बघावं तर प्लेट्सचा खच. म्हणून यंदा आम्ही मधल्या वारी गेलो, तेही खिरेश्वरच्या बाजूने. सोबत दोन मैत्रिणी, रानात तगून राहायचं शिकवणारा एक जुना ट्रेकर मित्र आणि खिरेश्वरचे वाटाडे मामा.

मित्राने या सगळ्याला 'नायकाच्या प्रवासा'ची चौकट दिली होती. घर सोडायचं, उंबरठा ओलांडायचा, वाटेत कुणी जाणता भेटतो, कसोटी लागते आणि काहीतरी घेऊन आपल्या माणसांत परतायचं. जगभरच्या पुराणकथांमधला हा सांगाडा जोसेफ कॅम्पबेल या अभ्यासकाने १९४९ साली मांडला. रामाचा १४ वर्षांचा वनवास आणि पांडवांची १२ अधिक १ वर्षं ऐकत मोठं झालेल्या आपल्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. मला मात्र त्यातली कसोटीच हवी होती. वडील गेल्यापासून मी स्वतःला सतत कामाला जुंपून घेतलं होतं. रिकामी बसले की छातीत धडधडायचं. एखादा अवघड कडा चढले की हे सुटेल, असं मनात धरूनच निघाले होते.

तोलार खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. मामा त्याच्यापुढे क्षणभर थांबले, हात जोडले आणि कातळाच्या टप्प्याला लागले. रेलिंग संपलं, टेकड्यांमागून टेकड्या सुरू झाल्या आणि अंधार पडता पडता धुकं आलं. इतकं दाट, की टॉर्चचा उजेड हातभर पुढे जाऊन भिंतीसारखा थांबायचा.

"बसा आता. कुनी पाय उचलू नका," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, वाट तर पायाखालीच आहे. हळूहळू जाऊ की."

"हितं ढोरवाटा लई हायेत ताई. कंची आपली, ते दिसल्याबिगर चालायचं न्हाई."

माझे पाय अक्षरशः वळवळत होते. मित्राने शिकवलेलं पाठ होतं: हवा नसेल तर माणूस ३ मिनिटं, वादळवाऱ्यात आडोसा नसेल तर ३ तास, पाण्यावाचून ३ दिवस आणि अन्नावाचून ३ आठवडे. हा ढोबळ हिशेब असला तरी त्यातला क्रम महत्त्वाचा. आधी आडोसा, खाणं सगळ्यात शेवटी. मामांनी हा हिशेब कुठे वाचला नव्हता, पण त्यांनी केलं नेमकं तेच. वारा अडेल अशा खडकाच्या कुशीत आम्हाला घेतलं. घामाने भिजलेले शर्ट बदलायला लावले. बुडाखाली आधी कारवीच्या वाळक्या काटक्या, त्यावर रिकामं पोतं. कारण ओली जमीन अंगातली ऊब वाऱ्याइतकीच ओढून घेते. वरून घोंगडी. मी जाळ करू या म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. हे अभयारण्य आहे, आणि आपण गारठून मरायला टेकलेलो नाही.

मग काहीच करायचं नव्हतं. बसायचं होतं. पहिला बराच वेळ मी घड्याळ बघत होते. नंतर रडू आलं, आणि ते थांबवायला हाताशी कुठलंच काम नव्हतं. वडिलांचा हॉस्पिटलमधला शेवटचा आठवडा दिसत राहिला, मी जे बघायचं टाळत आले होते ते सगळं. मैत्रिणीने नुसता हात धरून ठेवला. मामांनी मूठभर चिवडा पुढे केला. मी तो खाल्ला.

मध्यरात्रीच्या सुमारास धुकं फाटलं. दिशा ओळखायला मामांनी सप्तर्षींकडे पाहिलंही नाही, त्यांना डोंगरांच्या कडाच पुरल्या. मित्राने आम्हाला ध्रुव दाखवला. आपण जितक्या अक्षांशावर, तितकाच तो क्षितिजाच्या वर. इथे साधारण १९ अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठी. त्याच्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला कोकणकड्याची बाजू. मंदिर, केदारेश्वराची गुहा, सकाळचा कडा, सगळं सुंदरच होतं. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

उतरल्यावर मामांच्या अंगणात चकमकीने विस्तव पेटवायला शिकले. गारगोटीच्या धारेवर सावरीचा जळका कापूस अंगठ्याने दाबून धरायचा आणि पोलादाचा तुकडा वरून खाली ओढत मारायचा. ठिणगी कापसावर पडली की ज्वाळा दिसत नाही, फक्त लाल ठिपका पसरत जातो. तो वाळक्या गवतात ठेवून फुंकायचं. अंगठा सोलून निघाला तेव्हा कुठे जमलं. आता घरी लेक शिकतेय.

प्रवासातला तो 'जाणता' आपल्याला मामांच्या रूपाने भेटतो आणि आपण त्याला हमाल समजतो, याचा मला राग येतो. अंगणात बसले असताना शेजारच्याच घरापुढे शहरातला एक गट वाटाड्याशी पैशांवरून घासाघीस करत होता. अंगावर महागडे बूट, जॅकेटं, आणि रात्रभर आपल्या जिवाची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे शे-दोनशे रुपये कापायचे! तेव्हा मी गप्प बसले नाही आणि पुढेही बसणार नाही.