चंदीच्या खांद्यापुढची गाठ

चंदी आमची एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन या परदेशी जातीची संकरित गाय. चिकोडीकडच्या बाजारातून आणलेली, दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर देणारी, आणि खायला कधी मागे न हटणारी. मृगाच्या तोंडावर एका सकाळी तिनं गोळी पेंडीच्या घमेल्याकडे मान फिरवून बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंनी आधी मीठमोहरी उतरवून टाकली. मी थर्मामीटर लावला. १०५.८. गाईला १०१-१०२ असतो.

पहिला डॉक्टर मोटरसायकलवरून आला, "हवा बदलली की होतं असं" म्हणाला, तापाचं इंजेक्शन टोचून पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ताप दुपारपर्यंत उतरायचा, रात्री परत चढायचा. दूध चौदावरून चारवर. गोचडीचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही, गाईच्या अंगाला हातही लावला नाही. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

गाठ मला सापडली ती धार काढायला बसताना. चंदीला थोपटत हात पुढे नेला तर खांद्याच्या पुढे, कातडीखाली, मोठ्या लिंबाएवढं काहीतरी. दुसऱ्या बाजूलाही. डोळ्याची पापणी उलटून बघितली तर आत पांढरट आणि लाल टाचणीसारखे ठिपके.

मग खानापूरहून सरकारी डॉक्टर आले. धारवाडकडचे, मराठी कानडी हेल काढून बोलणारे. गाठ चाचपली, शेपटीखाली आणि सडांच्या वर बघितलं, आणि म्हणाले, "अक्का, गोचीड ताप आहे हो हा. गोचडी किती आहेत बघा की." गाठीत सुई घालून त्यांनी थेंबभर पाणी काढलं, काचेवर पसरलं. मी बेळगावात झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलीय हे कळल्यावर म्हणाले, "मग या की दवाखान्यात, दाखवतो."

गेले. सासूबाई बरोबर होत्या, त्यांना खानापुरात मिरच्या घ्यायच्या होत्या. काच रंगवून वाळली, तेलाचा थेंब टाकून मी डोळा लावला. गाठीतल्या पांढऱ्या पेशी फुगलेल्या दिसत होत्या, आणि एका पेशीच्या फिक्या निळ्या अंगात अजून एक निळा डाग, त्यात जांभळट बारीक दाणे. सुपात मूठभर नाचणे टाकावेत तसे. "कॉखचे निळे डाग," डॉक्टर म्हणाले. १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधणारा तोच रॉबर्ट कॉख. "काय बघूलालीस एवढं?" सासूबाई मागून. त्यांनीही डोळा लावला आणि म्हणाल्या, "शाई सांडलीय."

ही शाई म्हणजे थायलेरिया अ‍ॅन्युलाटा, गोचीड ताप आणणारा परजीवी. कॉलेजात वहीत नाव लिहून घेतलं होतं, त्याचं काम कळलं ते आता, रात्री मोबाईलवर वाचत बसल्यावर.

पांढऱ्या पेशीचं काम राखणीचं. बाहेरचं काही आत आलं की ती त्याला पिशवीत गुंडाळते आणि पचवणाऱ्या रसाची पिशवी तिला आणून जोडते. पेशीत राहायचं तर प्रत्येक परजीवीला आधी या रसाचं काहीतरी करावं लागतं. मांजरातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा आपल्या पिशवीचं दार असं बंद करतो की रसाची पिशवी जोडलीच जात नाही. काळ्या आजाराचा लिशमानिया त्याहून कडक, तो त्या आंबट रसातच संसार थाटतो. थायलेरिया तिसऱ्याच जातीचा. गोचडीच्या लाळेतून आत आल्यावर काही मिनिटांतच तो स्वतःभोवतीची पिशवी विरघळवून टाकतो आणि पेशीच्या अंगणात उघडा बसतो. पिशवीच नाही, तर रस ओतणार कशात?

इथवर मला नुसतं हुशार वाटलं. पुढचं वाचून मी मोबाईल उशाला ठेवला आणि गोठ्यात एक फेरी मारून आले.

तो पेशीला मारत नाही. उलट मरू देत नाही. बिघडलेल्या पेशीनं स्वतःहून मरायचं अशी शरीरात सोय असते, ती तो बंद पाडतो आणि पेशीला सारखं वाढायला लावतो, कर्करोगातल्या पेशीसारखं. आणि पेशी दुभंगायला लागली की ज्या बारीक दोऱ्या तिची गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात, त्या दोऱ्यांनाच हा चिकटून बसतो. दोन पेशी झाल्या की याचेही दोन भाग, दोन्हीकडे. आमच्या गावात भावाभावांची वाटणी होताना तलाठ्यापुढे काय काय चालतं ते मी बघितलंय, पण दोन्ही भावांच्या उताऱ्यावर आपलं नाव चढवून घेणारा तिऱ्हाईत अजून पाहिला नाही. चंदीच्या खांद्यापुढचं लिंबू म्हणजे तिच्याच राखणदारांची ही वाढलेली गर्दी. नंतर त्यातले काही परजीवी बाहेर पडून तांबड्या पेशीत शिरतात, म्हणून पापणी पांढरी.

अजून एक गोष्ट, मला सगळ्यात जास्त आवडलेली. आतला परजीवी औषधानं मारला की त्या पेशीचं वेड्यासारखं वाढणं थांबतं. खऱ्या कर्करोगात असं होत नाही.

औषधाचं नाव बुपारव्हाकोन. वीस किलो वजनाला एक मिली, चंदी साधारण चारशे किलोची, म्हणजे वीस मिली. दहा मानेच्या या बाजूला, दहा त्या बाजूला, मांसात खोल. मी शिंगं धरली, नवऱ्यानं दावं. ते औषध आत जाताना चंदी एकदाच फुरफुरली. तिसऱ्या दिवशी पेंडीत तोंड घातलं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस दूध डेअरीला घातलं नाही, शेणखईत ओतलं. सासूबाईंना ते बघवेना, त्या तेवढा वेळ परसात जाऊन उभ्या राहायच्या.

शेजारच्या गावठी गाईला त्याच गोठ्याजवळ बांधूनही काही झालं नाही. झालं तरी अंगावर निभावतं म्हणे. दुधासाठी क्रॉस आणायची आणि तिला गोचडीपुढे बांधायची, हा आमचाच व्यवहार. बाजारातून आणल्यावर या तापाची लस टोचता आली असती, पण ती लस द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, आणि आम्हाला कुणी तिच्याबद्दल सांगितलंही नव्हतं.

डॉक्टर जाताना म्हणाले, "बरी झाली तरी रक्तात थोडं राहतं हो. तिला चावलेली गोचीड दुसरीला देते. भिंत बघा."

भिंत दगडमातीची, आजेसासऱ्यांच्या वेळची. पोत्याची दाभण घेऊन मी गव्हाणीच्या मागची एक फट उकरली. आधी माती आली, मग पिंजराचं काड, मग एरंडीच्या बीसारख्या फुगलेल्या करड्या गोचडी, एकीला लागून एक. रॉकेलच्या डब्यात टाकत मोजायला लागले. एक वितीच्या फटीत एकेचाळीस. नवरा सिमेंटचं पोतं आणायला नंदगडला गेलाय. मी दुसरी फट उकरतेय.